सही करणारा तोच कशावरून?

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मास्तरांनी शिक्षणावर बोलावे, असे मंडळातील पुष्कळांनी सुचविले होते. शिक्षणावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत व ते आमच्याहून अधिक शिकलेलेही आहेत. आम्ही आज एका रूक्ष वाटणाऱ्या विषयास हात घालणार आहोत. दस्तावर सही करणारा मनुष्य दूर गावी किंवा दूर देशी असेल, तर तो तोच आहे हे कोणी व कसे ओळखावे, हा तो विषय. विषय रूक्ष असला तरी तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. करवीर तालुक्यातील एखाद्या सात-बाऱ्यावर आज दहा-पंधरा नावे असतात. त्यांतील एक भाऊ गावी, दुसरा पुण्यास, बहीण बेळगावास, पुतण्या अमेरिकेत. पूर्वी ही सर्व मंडळी जोतिबाच्या यात्रेस तरी एकत्र येत. आता तीही खात्री राहिली नाही. मग कोणीतरी मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, “काका, आता सगळे घरबसल्या होते.”

सगळे होते की नाही ते पुढे पाहू. आधी कायदा काय म्हणतो ते पाहणे इष्ट. दस्तनोंदणीचा आपला कायदा १९०८ सालचा आहे. त्याच्या ३४ व्या व ३५ व्या कलमांत दुय्यम निबंधकाचे कर्तव्य सांगितले आहे. दस्त करून देणारा त्याच्यापुढे जातीने हजर व्हावा, तो निबंधकाच्या परिचयाचा असावा किंवा तो तोच आहे अशी निबंधकाची अन्य रीतीने खात्री पटावी, आणि त्याने दस्त करून दिल्याचे कबूल करावे. येथे क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. कायद्याने परिचय आधी सांगितला व ‘अन्य रीत’ नंतर. ओळखीचे साक्षीदार, छायाचित्र, अंगठा, आधार-पत्र हे सारे त्या ‘अन्य रीती’चे प्रकार होत, म्हणजेच परिचयाऐवजी वापरावयाच्या वस्तू. छायाचित्र व बोटांचे ठसे तर २००१ च्या दुरुस्तीने आले. दुसरी गोष्ट अशी की, ओळख आणि कबुली या दोन गोष्टी कायद्याने एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच अधिकाऱ्यासमोर ठेवल्या आहेत. या दोहोंची ताटातूट झाली की काय होते, हेच आम्हांस आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

आपल्या पूर्वजांची रीत या बाबतीत फार साधी होती. जुन्या महजरांवर अक्षरशत्रू पाटील आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची आकृती काढीत. निशाणी कोणासही काढता येईल, नांगर काही अवघड चित्र नव्हे. पण ती निशाणी गोताच्या देखत होई, आणि दहा माणसांनी ‘हा अमक्याचा अमका’ असे जाणलेले असे. खरी साक्ष निशाणीची नसून गोताची होती. तथापि या रीतीचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. गावात कोण कोणाचा, कोणती जमीन कोणाची, हे सांगण्याची सत्ता पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याच्या दप्तरात राहिली, म्हणजे त्या सत्तेचा दुरुपयोगही होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर राज्यातील कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. ओळख पटविणाऱ्याचा त्या व्यवहारात स्वतःचा लाभ नसावा, हे तत्त्व त्या सुधारणेत अंतर्भूत आहे असे आम्हांस वाटते.

स्वार्थाने डोळे कसे फिरतात याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांनी एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून प्रकट झाला. त्यास पकडून कैदेत ठेवले. १७७६ साली तो रत्नागिरीच्या बंदिवासातून सुटला आणि पाहता पाहता कोकणात त्याच्यामागे फौज जमली. त्याच वर्षी त्याचा पाडाव होऊन पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. त्याच्यामागे गेलेले सर्वच लोक काही भोळे नव्हते. तो भाऊ ठरला तर ज्यांचा फायदा होता, त्यांस तो भाऊसारखा दिसू लागला. ‘तोतया’ हा शब्द आपण आजही वापरतो, पण तोतयास खरा मानणाऱ्यांस आपल्या भाषेत शब्द नाही, ही उणीवच म्हणावयाची.

आता अंगठ्याकडे वळू. अंगठ्याचा ठसा ही पाश्चात्त्यांची युक्ती, अशी आपली समजूत असते. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अंमलदाराने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या कराराच्या कागदावर त्याच्या तळहाताचा ठसा घेतला. पुढे सही नाकारता येऊ नये, हा त्याचा हेतू होता. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे खाते निघाले आणि त्या ठशांच्या वर्गीकरणाचे काम अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांनी सिद्धीस नेले. तेव्हा दस्तावरील अंगठा ही याच मातीतील गोष्ट आहे. तीच पुढे आधार योजनेत आली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी दिला गेला.

अंगठ्याचे दोष मात्र शाळेच्या पुस्तकात येत नाहीत. आयुष्यभर उसाच्या फडात, चुन्यासिमेंटात अथवा भांड्याधुण्यात हात झिजविलेल्या माणसाच्या बोटांवर यंत्रास वाचण्याजोगे फारसे उरत नाही. आम्ही खडूने हात झिजविलेले. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची अंगठ्यावर चालणारी ‘जीवन प्रमाण’ ही सोय १० नोव्हेंबर २०१४ पासून आहे. एका बँकेत त्या यंत्राने आम्हांस तीन वेळा ओळखण्याचे नाकारले आणि आम्ही समक्ष उभे असता तेथील कारकून म्हणाला, “मास्तर, तुम्ही येत नाही.” चौथ्या खेपेस आम्ही आलो. २०२१ पासून चेहरा दाखवूनही हा दाखला मिळतो. मोबाइलपुढे पापणी लववावी लागते, म्हणजे समोर छायाचित्र नसून जिता मनुष्य आहे हे यंत्रास कळते. ही सोय अंथरुणास खिळलेल्या वृद्धांस वरदान आहे, यात शंका नाही.

दुसरा दोष गंभीर आहे. परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. २०२३ साली बेंगळुरूत अशी प्रकरणे उघडकीस आली की, नोंदणी झालेल्या दस्तांच्या प्रती संकेतस्थळावरून उतरवून, त्यांवरील ठशांचे साचे बनवून, त्या साच्यांनी लोकांच्या बँकखात्यांतून पैसे काढले गेले. जो अंगठा जमिनीच्या रक्षणासाठी दिला, त्यानेच खाते उघडे पडले. आधारवरील आपले ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. ती आपल्या घरातील प्रत्येक वृद्धासाठी मुलांनी करून द्यावी, आणि गरज पडेल तेव्हाच उघडावी.

आता परदेशात काय चालते ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या ज्ञातीची पुष्कळ मुले तिकडे आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने नोटरीपुढे पडद्यावरून हजर होण्यास प्रथम मान्यता दिली. तो कायदा १ जुलै २०१२ पासून अमलात आला. २०२० च्या महामारीनंतर इतर पुष्कळ राज्ये त्याच मार्गाने गेली. तेथे सही करणारा आपल्या घरी आणि नोटरी आपल्या कचेरीत. नोटरी त्यास स्वतः ओळखत असेल तर प्रश्नच नाही. तेथेही परिचयास असा मान आहे, हे नमूद करण्याजोगे. ओळखत नसेल तर त्याचे सरकारी ओळखपत्र यंत्राने तपासतात, आणि पुष्कळ राज्यांत त्याच्या पूर्वायुष्यावर पाच प्रश्न विचारतात. अमुक साली आपण कोणत्या रस्त्यावर राहत होता, अमुक कर्ज कोणाकडून घेतले होते, अशा जातीचे. पाचांपैकी चार बरोबर यावेत आणि दोन मिनिटांत यावेत. साऱ्या प्रसंगाचे चित्रमुद्रण करून ते वर्षानुवर्षे जपून ठेवतात. आमचा एक विद्यार्थी तिकडे घर घेताना या परीक्षेस बसला. तो म्हणाला, “सर, वार्षिक परीक्षेपेक्षा घाम फुटला.”

ही पद्धत विचारपूर्वक रचलेली आहे, पण तिच्यात एक भेग आहे. २०१७ साली तिकडील इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. ज्या माहितीवर प्रश्न काढावयाचे, तीच बाजारात गेल्यावर परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्यासारखेच झाले. शिवाय, आणि हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे, हे प्रश्न परक्या भामट्यास अडवितात. घरच्या माणसास ते कसे अडविणार? बहीण कोणत्या साली कोठे राहत होती, तिचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे भावास तिच्याहून अधिक पाठ असते.

आपल्याकडे पोलिसांत जाणारा तोतया विरळा. घरातला ‘मदतनीस’ मात्र घरोघर आहे. आत्याचा मोबाइल भाच्याकडे, त्यावर येणारा ओटीपी भाच्याकडे, आधार-पत्राची प्रत भाच्याकडे. ओटीपीने सिद्ध काय होते? अमुक क्रमांकाचा मोबाइल अमुक क्षणी कोणाच्या तरी हातात होता, एवढेच. चेहऱ्याची परीक्षा घ्या, तर आत्याला खुर्चीत बसवून ‘जरा पापणी लवव’ म्हटले की झाले. यंत्राच्या दृष्टीने ओळख पूर्णपणे खरी ठरते. सही करणारी तीच आहे, यात तिळमात्र असत्य नाही. ती कशावर सही करीत आहे, हे मात्र यंत्राने विचारलेले नसते.

हे आम्ही कल्पनेने बोलत नाही. काही वर्षांपूर्वी परिचयातील एक तरुण आमच्याकडे आला. त्याची आत्या विधवा, दूरच्या खेड्यात राहणारी. वडिलार्जित जमिनीत तिचे नाव लागलेले. आपल्या राज्यात मुलींचा हा हक्क १९९४ साली व साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्याने मान्य झाला आहे. त्यास तिचे मुखत्यारपत्र नोटरीपुढे करून हवे होते. ती प्रवास करू शकत नाही, म्हणाला. “तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. व्हिडिओवर पाहा आणि ओळख म्हणून सही करा, पुढचे मी बघतो.” आम्ही व्हिडिओवर पाहिले. आत्या तीच होती, त्याबद्दल प्रश्न नव्हता. पण प्रत्येक उत्तरापूर्वी तिची नजर पडद्याच्या एका बाजूस जाई. वर्गात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसास ती नजर ठाऊक असते. आम्ही तिला म्हटले, “आक्का, फोन घेऊन परसात जा बघू, मला तुमची लिंबाची झाडं बघायची आहेत.” परसात आल्यावर विचारले, “कसला कागद करता आहात?” ती म्हणाली, “पीककर्जाचा न्हवं का?”

आम्ही सही केली नाही. तरुण रागावला, त्याचे वडीलही रागावले, आणि सहा महिने आमच्याशी कोणी बोलले नाही. पुढे ती आत्या भाड्याच्या गाडीतून स्वतः आली, दुय्यम निबंधकासमोर बसली, वकिलाकडून कागद मराठीतून वाचून घेतला आणि आपला हिस्सा भावास राजीखुशीने सोडून दिला. तिच्या मनात तेच होते. भाचा म्हणाला, “मग सहा महिने फुकट घालवलेत की नाही?” या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही, आणि ते देण्याची गरजही आम्हांस वाटली नाही. त्या दिवशी ती कचेरीतून बाहेर आली तेव्हा आपण काय दिले हे तिला ठाऊक होते.

येथे एक शिक्षकी गोष्ट सांगण्याची परवानगी असावी. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ एवढेच असते, त्याने विद्यार्थ्याचे ज्ञान कळत नाही. ‘हे सर्व तुम्हांला मान्य आहे ना?’ हा तसा प्रश्न आहे. ‘तुम्ही कोणाला काय लिहून देता, आणि त्याबद्दल तुम्हांला काय मिळणार?’ हा खरा प्रश्न. उत्तर त्याच्या शब्दांत आले पाहिजे, आणि ते देताना लाभार्थी खोलीत असता कामा नये.

आता घरबसल्या काय होते व काय होत नाही, याबद्दलचा गोंधळ दूर करणे अवश्य आहे. सदनिकेचा लिव्ह अँड लायसन्स करार आपल्या राज्यात आधारच्या ओळखीने कचेरीत न जाता नोंदविता येतो. मुदतीचा करार असल्याने त्यात धोका बेताचा. परंतु आपला नोटरी कायदा १९५२ चा आहे आणि त्यात पडद्यावरून हजर होण्याची सोय नाही. ‘व्हिडिओवर नोटरी करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. मृत्युपत्रास माहिती-तंत्रज्ञान कायद्याखालील इलेक्ट्रॉनिक सही चालत नाही, ते कागदावर दोन साक्षीदारांनिशीच व्हावयाचे. परदेशातील मुलामुलींनी मुखत्यारपत्र पाठवावयाचे, तर नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणे ते तेथील नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलातीचा अधिकारी यांच्यासमोर केलेले असावे. ‘समोर’ या शब्दाचा अर्थ पडद्यावर असा करण्यास आपल्याकडील निबंधक तयार होईल, या भरवशावर कोणी लाखोंचा व्यवहार रचू नये. तो कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथील मुद्रांकशुल्क भरावे लागते, हेही पुष्कळ जण विसरतात. आणि मुखत्यारपत्र शक्यतो एका कामापुरते, एका मिळकतीपुरते करावे. ‘कुलमुखत्यार’ या शब्दातील ‘कुल’ फार महाग पडते.

ज्यांस खरोखरच हलता येत नाही, त्यांच्यासाठी कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच वाट ठेवली आहे. विशेष कारण दाखविल्यास नोंदणी अधिकारी घरी येऊन दस्त स्वीकारू शकतो, हे ३१ व्या कलमात आहे. आजारी अथवा अपंग मनुष्यास हजेरीतून सूट देऊन त्याचा जबाब त्याच्या घरी घेण्याची तरतूद ३८ व्या कलमात आहे. आमच्या पाहण्यात ज्यांनी ‘आजी येऊ शकत नाही’ असे सांगितले, त्यांतील फार थोड्यांनी हा अर्ज केला होता. अधिकारी घरी आला म्हणजे तो आजीशी बोलतो, हीच कदाचित अडचण असावी.

ओळखीचे साक्षीदार होणाऱ्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कचेरीच्या आवारात चहाच्या एका कपावर ओळख देणारे इसम मिळतात, हे उघड गुपित आहे. आपल्यातीलही काही भले लोक, केवळ भिडेस पडून, न पाहिलेल्या माणसास ‘ओळखतो’ म्हणून सही ठोकतात. नोंदणी कायद्याच्या ८२ व्या कलमाखाली खोटे निवेदन व तोतयेगिरी यांस सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्यास साहाय्य करणाराही त्यातून सुटत नाही. भीड ही भीक मागावयास लावते, असे म्हणतात. येथे ती तुरुंगातही नेते.

आमच्या ज्ञातीचे बळ परिचयात होते. आमच्या लहानपणी लग्नाच्या पंगतीत वाढताना ‘हा कोणाचा?’ असे विचारले, की तीन पिढ्या मोजून दाखविणारी म्हातारी तेथेच बसलेली असे. आता मंडळाच्या यादीतील निम्म्या नावांचे चेहरे आम्हांस आठवत नाहीत. ही स्थिती पालटणे कोणाच्या हाती नाही. पण मंडळास एक काम करता येईल, आणि तशी रीतसर सूचना आम्ही कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. प्रत्येक तालुक्यात निवृत्त, लिहितेवाचते, व्यवहारात कसलाही हितसंबंध नसलेले चार-पाच गृहस्थ व तितक्याच भगिनी यांची यादी मंडळाने करावी. ज्ञातीतील कोणा वृद्धाने, विधवेने अथवा परगावच्या बहिणीने बोलाविल्यास त्यांनी सहीच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन कागद मराठीत वाचून दाखवावा, तो तिच्या तोंडून ऐकावा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर कचेरीत जावे. मानधन घेऊ नये, जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने द्यावा. भगिनींची नावे या यादीत असणे आम्ही अत्यावश्यक मानतो, कारण पुष्कळ गोष्टी आत्या मास्तरांस सांगत नाही, पण दुसऱ्या आत्यास सांगते.

कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे म्हणून येथील लोकांनी अनेक वर्षे चळवळ केली आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून येथे सर्किट बेंच सुरू झाले. आपल्या सर्वांस त्याचा आनंद आहे. कोर्ट जवळ आले म्हणून भाऊबंदकीचे खटले मात्र वाढू नयेत.

या सूचनेवर मंडळाची सभा पुढील महिन्यात आहे. ज्यांस या यादीत नाव द्यावयाचे असेल त्यांनी ते आजच बाहेरच्या टेबलावरील वहीत लिहावे. नाव स्वतःच्या हाताने लिहावे, दुसऱ्याचे लिहू नये.